मोंमार्त्र: टेकडी मागच्या बाजूने चढा आणि जेवायला साडेबाराला बसा

पॅरिसला आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा मोंमार्त्रसाठी जेमतेम तीन तास ठेवले होते. आंवेर स्टेशनला उतरलो, गर्दीबरोबर वर सरकलो, पांढऱ्या चर्चसमोर फोटो काढले, चित्रकारांच्या चौकात एक फेरी मारली आणि दुपारी साडेतीनला तिथल्याच एका हॉटेलात जेवायला बसलो. मेन्यूवर पदार्थांचे रंगीत फोटो होते. कांद्याचं सूप आलं ते कोमट, वरच्या चीजचा रबरी पापुद्रा झालेला. न मागता आलेल्या पाण्याच्या बाटलीचे पैसेही बिलात होते. ज्या टेकडीवर पिकासो, रेन्वार, व्हॅन गॉग राहिले, तिथून आम्ही काहीही न बघता उतरलो, याचं मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या खेपेला आई-बाबा बरोबर होते. आईचे गुडघे दुखतात, ती मांस-मासे खात नाही, अंडं चालतं. बाबा सगळं खातात. तिथे राहणाऱ्या मामेबहिणीने निघण्याआधी फोनवर दोनच गोष्टी सांगितल्या: "ताई, टेकडी मागून चढ, आणि जेवायला साडेबाराला बस." त्या दोन वाक्यांनी सगळा दिवस बदलला. तोच दिवस इथे क्रमाने लिहिते आहे. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी हवं तर जसाच्या तसा वापरावा.

१. निघण्याआधी: कागद आणि सामान

व्हिसाबद्दल थोडक्यात. भारतीय पासपोर्टवर फ्रान्ससाठी शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच व्हिसा, लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी करावा लागतो. पण मे-जूनची सुट्टी धरून जाणार असाल तर अपॉइंटमेंटच मिळत नाहीत, म्हणून तीन महिने आधी हालचाल सुरू करा. मोठ्यांसाठी फी ९० युरो आहे. कागद असे लागतात:

- परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा पासपोर्ट, त्यात दोन कोरी पानं
- किमान ३०,००० युरोचं कव्हर असलेला प्रवास विमा, सगळ्या शेंगेन देशांसाठी
- बँकेची स्टेटमेंट, आयकर विवरणपत्रं, नोकरी असेल तर रजेचं पत्र
- राहण्याचं आणि विमानाचं बुकिंग, रोजचा कार्यक्रम

बरेच जण एका ठिकाणी हमखास चुकतात. पॅरिसबरोबर स्वित्झर्लंड किंवा इटलीही करणार असाल, तर ज्या देशात जास्त रात्री राहणार त्या देशाकडेच अर्ज करायचा. रात्री सारख्या असतील तर ज्या देशातून आधी आत शिरणार त्याच्याकडे. व्हिसा लवकर मिळतो असं ऐकून भलत्याच देशाकडे अर्ज केला तर तो नाकारला जाऊ शकतो.

टेकडीच्या दिवसासाठी मात्र सामान अगदी थोडं लागतं. जाड तळव्याचे वापरलेले बूट घ्या, कारण रस्ते दगडी फरसबंदीचे आणि उताराचे आहेत आणि पावसात ते घसरडे होतात. पाण्याची रिकामी बाटली, टॅप करून चालणारं कार्ड, दहा-वीस युरो सुटे आणि मेट्रोसाठी नाव्हिगो ईझी कार्ड जवळ ठेवा. हे कार्ड दोन युरोला मिळतं, त्यात तिकिटं भरता येतात. मेट्रोचं एक तिकीट साधारण अडीच युरोचं. कार्ड प्रत्येकाला वेगळं लागतं, एकाच कार्डावर चौघांना आत जाता येत नाही. छातीशी येणारी, चेनची छोटी पर्स घ्या. पाठीवरची सॅक नको, कारण पुढे कळेलच.

२. टेकडी समजून घ्या, म्हणजे रस्ते बोलायला लागतात

मोंमार्त्र सुमारे १३० मीटर उंच आहे, पॅरिसमधली सगळ्यात उंच जागा. १८६० पर्यंत हे पॅरिसच्या हद्दीबाहेरचं गाव होतं. शहरात येणाऱ्या दारूवर जकात लागायची, हद्दीबाहेर ती लागत नसे. म्हणून रविवारी शहरातले कामगार, शिंपिणी, कारकून स्वस्त दारू प्यायला आणि नाचायला टेकडीवर यायचे. टेकडीवर पवनचक्क्या होत्या, द्राक्षाचे मळे होते, आणि पोटात जिप्समच्या खाणी.

या खाणींचं आपल्याशी नातं आहे. ज्या प्लास्टर ऑफ पॅरिसच्या गणेशमूर्तींवरून आपल्याकडे दर पावसाळ्यात चर्चा होते, त्या प्लास्टरला पॅरिसचं नाव मिळालं ते इथल्या आणि आसपासच्या जिप्सममुळे. शतकानुशतकं दगड काढून टेकडी आतून पोखरली गेली. पोकळ जमिनीवर मोठ्या इमारती बांधणं अवघड, म्हणून घरं बुटकी राहिली आणि भाडीही कमी राहिली. खिसा रिकामा असलेले चित्रकार इथे का आले, याचं उत्तर या जकातीत आणि या पोकळ जमिनीत आहे. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते चालता चालता थांबले आणि बुटाने फरसबंदी दोनदा ठोकून बघितली.

पहिल्या महायुद्धानंतर भाडी वाढली, पर्यटक वाढले आणि चित्रकार नदीपलीकडे मोंपार्नासला गेले. नावं सारखी वाटतात म्हणून सांगते: मोंमार्त्र उत्तरेला, मोंपार्नास दक्षिणेला, मध्ये अख्खं शहर. टॅक्सीवाल्याला नाव सांगताना पत्ता दाखवा. आपले चित्रकार रझा आणि गोव्याचे लक्ष्मण पै जे.जे.मधून शिकून १९५०-५१ मध्ये पॅरिसला पोहोचले, तोवर या टेकडीचे ते दिवस सरून तीस-पस्तीस वर्षं झाली होती.

३. आदल्या दिवशी ओर्से संग्रहालय बघा

हा क्रम मी आग्रहाने सांगते. टेकडीवर जी चित्रं निघाली ती आता टेकडीवर नाहीत. रेन्वारचं 'बाल द्यु मुलँ द ला गालेत' हे १८७६ सालचं चित्र ओर्से संग्रहालयात आहे. पवनचक्कीखालच्या अंगणात रविवार दुपारची नाचणारी माणसं, त्यांच्या पाठीवर, टोप्यांवर पानांतून गळालेले उन्हाचे ठिपके. हे चित्र डोळ्यांत घेऊन दुसऱ्या दिवशी टेकडीवर गेलात, की रू लपिक या रस्त्यावरची ती पवनचक्की नुसती जुनी लाकडी वस्तू वाटत नाही. उलट क्रमाने बघणाऱ्यांची ही गंमत हुकते. ओर्से सोमवारी बंद असतं हे लक्षात ठेवून दिवस ठरवा.

४. सकाळी नऊला, मागच्या बाजूने

मेट्रोच्या १२ नंबरच्या लाइनवर लामार्क-कोलांकूर स्टेशनला उतरा. स्टेशनचं तोंड दोन जिन्यांच्या मधोमध उघडतं. इथे खेळणी-कीचेन विकणारे नाहीत, रांगा नाहीत. शाळेत मुलांना सोडणारे आईबाप आणि बेकरीतून पाव घेऊन निघालेले आजोबा दिसतात. गुडघे दुखत असतील तर सगळी टेकडी बसनेही चढता येते. ४० नंबरची छोटी बस अरुंद रस्त्यांतून वर जाते. आईला आम्ही बसने पाठवलं आणि वर भेटलो.

चालणाऱ्यांनी रू दे सोल या चढाच्या रस्त्याला लागा. कोपऱ्यावर झाडाखाली एक छोटं गुलाबीसर घर दिसेल, ते 'लापँ आजिल', चित्रकारांचा जुना अड्डा. पातेल्यातून उडी मारून निसटणाऱ्या सशाची पाटी आंद्रे जिल या व्यंगचित्रकाराने रंगवली. 'जिलचा ससा' म्हणता म्हणता लोक 'चपळ ससा' म्हणायला लागले, फ्रेंचमध्ये दोन्हींचा उच्चार एकच. पिकासोने १९०५ मध्ये या जागेचं चित्र काढलं. ते बरीच वर्षं इथल्याच भिंतीवर होतं, आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. १९१० मध्ये इथल्या मंडळींनी मालकाच्या लोलो नावाच्या गाढवाच्या शेपटीला कुंचला बांधून एक चित्र काढवलं आणि 'बोरोनाली' या नावाने ते प्रदर्शनात लावलं. समीक्षकांनी ते गंभीरपणे बघितलं. संध्याकाळी इथे अजून जुनी फ्रेंच गाणी होतात. सकाळी घर बाहेरूनच बघायचं.

समोरच उतारावर द्राक्षाचा मळा आहे, क्लो मोंमार्त्र. जुना वाटतो, पण १९३३ मध्ये लावलेला आहे. या जागेवर इमारती उभ्या राहू नयेत म्हणून स्थानिक लोकांनी धडपड केली आणि वेली लावल्या. मळा एरवी बंद असतो, कुंपणातून बघायचा. ऑक्टोबरात द्राक्षं काढण्याचा सण असतो, तेव्हा टेकडीवर मिरवणूक आणि खाण्याचे स्टॉल लागतात. तारखा हातात असतील तर तेव्हा जा, फक्त गर्दीची तयारी ठेवा.

आणखी वर गेलात की रू द लाब्रवारच्या तोंडाशी गुलाबी रंगाचं 'मेझों रोझ' येतं. फोटोसाठी इथे लोक ताटकळतात. पाच मिनिटांत पुढे सरका आणि डावीकडे रू कोर्तोमध्ये शिरा.

रू कोर्तो १२ म्हणजे मोंमार्त्र संग्रहालय. टेकडीवर तिकिटाचे पैसे एकाच जागी खर्च करायचे असतील तर इथे करा. दहाला उघडतं. रेन्वार १८७६ मध्ये याच घरात भाड्याने राहत होता आणि नाचाचं ते मोठं चित्र करत होता. बागेत त्याच्या दुसऱ्या एका चित्राच्या आठवणीसाठी झोपाळा टांगला आहे. पण मला सगळ्यात जास्त भिडली ती वरच्या मजल्यावरची सुझान वालादोंची खोली. ती धुणं-शिवणं करणाऱ्या बाईची मुलगी. सर्कशीत काम केलं, पडून जायबंदी झाली, मग रेन्वार आणि तुलूझ-लोत्रेकसाठी मॉडेल म्हणून बसायला लागली. बसल्या बसल्या ते कसं काढतात ते बघत शिकली आणि स्वतः चित्रकार झाली. तिचा मुलगा मोरिस उत्रिलो, ज्याने या गल्ल्या आयुष्यभर रंगवल्या. खोलीत उत्तरेच्या उजेडाची मोठी काचेची खिडकी आहे, शेगडी आहे, चित्रफलक आहे. आई तिथे खुर्ची नव्हती म्हणून भिंतीला टेकून उभी राहिली आणि बराच वेळ हलली नाही. "हिला कोणी शिकवलं नाही, हिने बघून उचललं," एवढंच म्हणाली. आईने शिवणकाम असंच शेजारच्या काकूंचं बघून उचललं होतं.

५. चौक, चर्च आणि इथले सापळे

रू कोर्तो संपते तिथून उजवीकडे वळलात की दोन मिनिटांत प्लास द्यु तर्त्र, चित्रकारांचा चौक. साडेअकराच्या आत पोहोचलात तर झाडं आणि घरं दिसतात, नंतर फक्त डोकी.

चौकात बसणाऱ्या चित्रकारांकडे महापालिकेचा परवाना असतो आणि प्रत्येकाची जागा ठरलेली असते, साधारण एक चौरस मीटर. तिचेही वाटेकरी दोघं. चित्र काढून घ्यायचं असेल तर जागेवर बसलेल्या माणसाकडूनच काढून घ्या. त्याची आधीची कामं बघा, आणि बसण्याआधी किंमत आणि आकार कागदावर लिहून घ्या. हातात पुठ्ठा घेऊन गल्ल्यांत फिरणारे, "काय सुंदर चेहरा आहे" म्हणत चालता चालताच रेघा ओढायला लागणारे, त्यांना थांबून उत्तर देऊ नका. चित्र अर्धं झालं की पैशांची भाषा सुरू होते.

चौकात 'मेर कातरीन' नावाचं जुनं रेस्टॉरंट आहे. तिथल्या पाटीवर लिहिलंय की ३० मार्च १८१४ ला रशियन कोसॅक सैनिक 'बिस्त्रो, बिस्त्रो' म्हणजे 'लवकर, लवकर' ओरडले आणि त्यावरून 'बिस्त्रो' शब्द आला. गोष्ट छान आहे, पण भाषातज्ज्ञ ती मानत नाहीत. हा शब्द छापील फ्रेंचमध्ये येतो तो १८८० च्या दशकात, सैनिक गेल्यावर सत्तर वर्षांनी.

मोठ्या चर्चकडे जाण्याआधी बाजूच्या सँ-पियेर या छोट्या चर्चमध्ये डोकवा. बाराव्या शतकातलं आहे, आणि बहुतेक लोक त्याच्यासमोरून न बघता जातात.

साक्रे-कर या मोठ्या पांढऱ्या चर्चचं बांधकाम १८७५ मध्ये सुरू झालं, १९१४ मध्ये पुरं झालं, आणि युद्धामुळे अभिषेक १९१९ मध्ये झाला. त्याचा दगड पावसाने धुतला की पृष्ठभागावर कॅल्साइट येतं, म्हणून शहराच्या धुरातही ते पांढरं राहतं. आत जायला पैसे नाहीत. आत फोटो काढायचे नाहीत, आणि बोलायचंही हळू, कारण १८८५ पासून तिथे दिवसरात्र अखंड प्रार्थना चालू आहे. आपल्याकडच्या अखंड नामसप्ताहाची सवय असलेल्या आईला हे लगेच समजलं. ती मागच्या बाकावर दहा मिनिटं हात जोडून बसली. घुमटावर चढायला वेगळं तिकीट आणि तीनशेच्या आसपास पायऱ्या. पर्वतीच्या पायऱ्या तीनदा चढण्याची ताकद असेल तरच जा.

आता सॅक का नको ते. चर्चसमोरच्या बागेच्या खालच्या टोकाला दोऱ्याचे गोफ घेऊन उभे असलेले लोक असतात. "हकुना मटाटा", "इंडिया, शाहरुख खान" म्हणत हात पुढे करतात, तुम्ही हस्तांदोलनाला हात दिलात की बोटाभोवती दोरा गुंडाळतात आणि मग वीस युरो मागतात. हात खिशात ठेवून, नजर न मिळवता, चालत राहायचं. थांबून समजावून सांगू नका. सही मागणाऱ्या मुली आणि पेल्याखाली चेंडू लपवणारे यांचंही तसंच, आजूबाजूला जिंकणारे लोक त्यांचेच असतात. मागच्या बाजूने चढल्यामुळे हे सगळं उतरतानाही टाळता येतं. चर्चच्या पायऱ्यांवरून शहर बघा, पण खाली आंवेरला उतरू नका. परत चौकात या आणि पश्चिमेकडून उतरा.

६. उतरताना

रू नॉर्व्हँवरून रू लपिकला लागा. 'मुलँ द ला गालेत' म्हणजे त्या पवनचक्क्या. दळलेल्या पिठाचे चपटे पाव, म्हणजे गालेत, इथे विकले जायचे, त्यावरून नाव पडलं. तिथून खाली प्लास एमिल-गुदो. चौक उतरता, चेस्टनटची झाडं आणि हिरव्या लोखंडाचा वॉलेस कारंजा. त्याचं पाणी पिण्याचं आहे, बाटली भरून घ्या. याच चौकात १३ नंबरला 'बातो-लाव्वार' होतं. लाकडी, गळकी इमारत, सगळ्या बिऱ्हाडांत मिळून एक नळ. पिकासो इथे १९०४ ते १९०९ राहिला आणि १९०७ मध्ये 'ले द्मोझेल दाव्हिन्यों' इथे काढलं, ज्याच्यानंतर चित्रकला पहिल्यासारखी राहिली नाही. १९७० मध्ये इमारत जळाली, आताची नंतरची आहे. बघायला एक दर्शनी खिडकी आणि जुने फोटो एवढंच. तरी थांबा.

रू लपिक ५४ वर व्हॅन गॉग १८८६ ते १८८८ भाऊ थिओबरोबर राहिला. दारावर पाटी आहे, वर लोक राहतात, बेल वाजवू नका. खाली ब्लांश चौकात 'मुलँ रूज' हे नाचगाण्याचं जुनं ठिकाण आहे, १८८९ चं. बाहेरून बघितलं की पुरे. मुलांना बरोबर घेऊन रात्री त्या बुलव्हारवर फिरू नका, दोन्ही बाजूंची दुकानं तशी आहेत.

७. जेवण: वेळ, पाटी आणि शब्द

साडेबाराला बसा. फ्रेंच स्वयंपाकघर दुपारी बारा ते साधारण दोन-अडीच चालतं, मग बंद होतं, आणि संध्याकाळी सात-साडेसातला परत उघडतं. मधल्या वेळात जे हॉटेल तुम्हाला जेवायला बोलावतं, तिथे बहुतेक वेळा गोठवलेलं गरम करून देतात. आमच्या पहिल्या सूपचं कारण तेच.

जागा निवडताना तीन खुणा बघा. मेन्यू खडूने फळ्यावर लिहिलेला आणि छोटा असावा. दारात उभं राहून कोणी बोलावत नसावं. आणि टेबलांवर फ्रेंच बोलणारे लोक जेवत असावेत. छत असलेल्या पातेल्याचं चिन्ह दिसलं तर तो पदार्थ तिथेच कच्च्या मालापासून केलेला, त्याला 'फे मेझों' म्हणतात.

शब्दांचा घोळ इथे बऱ्याच जणांचा होतो. फ्रेंचमध्ये 'म्यनू' म्हणजे ठरावीक किमतीचं दोन-तीन पदार्थांचं जेवण. आपण ज्याला मेन्यू म्हणतो त्याला 'कार्त'. 'आंत्रे' म्हणजे सुरुवातीचा पदार्थ, मुख्य जेवण म्हणजे 'प्ला'. दुपारचं 'फोर्म्युल', म्हणजे आंत्रे आणि प्ला किंवा प्ला आणि गोड, हे सगळ्यात किफायतशीर.

आत शिरताच "बोंजूर, मादाम" किंवा "बोंजूर, मस्य" म्हणा. हे न म्हणता थेट "टेबल फॉर फोर" म्हटलं की समोरचा माणूस आखडतो, आणि आपण म्हणतो फ्रेंच लोक उद्धट. आपल्या घरात कोणी नमस्कार न करता सरळ पाणी मागितलं तर आपल्याला कसं वाटेल, तसंच ते आहे. पाण्यासाठी "यून काराफ दो, सिल वू प्ले" म्हणा, नळाचं चांगलं पाणी फुकट येतं. नुसतं 'वॉटर' म्हटलं तर बाटली येते. पाव फुकट, तो थेट टेबलावरच ठेवतात. सर्व्हिस किमतीतच असते, टिप सक्तीची नाही, आवडलं तर एक-दोन युरो ठेवा. बिल ते आपणहून आणत नाहीत. पाहुण्याला उठवल्यासारखं होतं म्हणून. "लादिस्यों, सिल वू प्ले" म्हणायचं. कॉफी गोडानंतर येते, आणि 'काफे' म्हटलं की इवल्या कपातली कडक एस्प्रेसो. तीच कॉफी काउंटरला उभ्याने स्वस्त, बाहेरच्या खुर्चीवर महाग.

८. काय मागवावं

कांद्याचं सूप नीट केलेलं खाल्लं नाही तोवर मत बनवू नका. दुसऱ्या खेपेला आम्ही आबेस चौकाच्या मागच्या गल्लीत खाल्लं. मातीच्या खोल वाडग्यात, कडेवरून चीज ओघळून करपलेलं, अजून बुडबुडे येणारं. चमचा वरच्या थरातून घालायला जोर लागतो, मग खाली भिजलेला पाव, आणि त्याखाली तपकिरी कांदा. आपण बिरयानीचा कांदा तळतो तसा तो तळलेला नसतो. लोण्यात मंद आचेवर तासभर परततात, म्हणून कुरकुरीत न होता मुरांब्यासारखा मऊ आणि गोड होतो. मग पांढरी वाइन आणि रस्सा. बाबांनी पहिला घास जीभ भाजून घेतला आणि तरी वाडगा खाली ठेवला नाही.

पण हा रस्सा बहुतेक ठिकाणी गोमांसाचा असतो. वरून शाकाहारी दिसणारी ही पहिली फसवी जागा.

मांस खाणाऱ्यांनी 'कॉन्फी द कानार' घ्या, बदकाची तंगडी मिठात मुरवून त्याच्याच चरबीत हळू शिजवलेली. 'कोक ओ व्हँ' म्हणजे वाइनमधला कोंबडा, 'ब्लांकेत द व्हो' म्हणजे वासराचं पांढऱ्या सॉसमधलं मांस. गोमांस टाळायचं असेल तर हे शब्द ओळखा: बफ, स्टेक, आंत्रकोत, बाव्हेत, फो-फिले, आशी पारमांतिये. 'तार्तार' म्हणजे कच्चं. 'रि द व्हो' वाचून भात समजू नका, ती वासराच्या गळ्यातली ग्रंथी आहे. 'आंदुयेत' आतड्यांचं असतं, वास फार उग्र. सवय नसेल तर सोडा.

स्वस्त आणि खरं जुनं फ्रेंच जेवण हवं तर 'बुयों' शोधा. एकोणिसाव्या शतकात बाजारातल्या कामगारांना रस्सा आणि मांस कमी पैशात देण्यासाठी निघालेल्या या खानावळी. टेकडीखाली 'बुयों पिगाल' आहे. ते दिवसभर उघडं असतं, म्हणून साडेबाराचा नियम हुकला तर इथे या. रांग लांब दिसते पण भराभर सरकते.

९. शाकाहारी लोकांसाठी

"व्हेजिटेरियन" म्हटल्यावर होकार येतो आणि सॅलडमध्ये खारवलेल्या डुकराचे चौकोनी तुकडे, 'लार्दों', येतात. त्यांच्या मते ते चवीपुरते. आईच्या ऑम्लेटमध्ये असंच झालं. वाढणाऱ्या मुलीने माफी मागून दुसरं आणलं, पण आईची भूक गेली ती गेली. म्हणून हे वाक्य कागदावर लिहून दाखवा: "ज न मांज नि व्हियांद, नि प्वासों, नि लार्दों, नि जांबों." मी मांस, मासे, लार्दों, हॅम खात नाही. चारही नावं हवीत.

सगळ्यात भरवशाचं ठिकाण म्हणजे क्रेपरी. तिथली तिखट-मिठाची 'गालेत' कुट्टूच्या पिठाची, काळपट, जाळीदार, आपल्या घावनाची सख्खी बहीण. चीज, अंडं, मशरूम सांगा. 'कोंप्लेत' मात्र सांगू नका, त्यात हॅम असतं. बाकी 'अफ मायोनेझ' म्हणजे मेयोनेझ घातलेलं उकडलेलं अंडं, 'पोआरो व्हिनेग्रेत' म्हणजे लीक या कांद्याच्या पातीसारख्या भाजीची कोशिंबीर, 'ग्रातँ दोफिन्वा' म्हणजे साय घालून भाजलेला बटाटा, 'रातातूय' म्हणजे वांगी-टोमॅटोची भाजी. किश लोरेनमध्ये लार्दों असतात. बरंच पारंपरिक फ्रेंच चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजतात. तेही चालत नसेल तर 'प्रेझ्युर' हा शब्द लक्षात ठेवा. मूसमध्ये जिलेटिन असू शकतं. गोडात 'तार्त तातँ', म्हणजे उलटा भाजलेला सफरचंदाचा तार्त, बिनधास्त घ्या, अंडं चालत नसेल तर आधी विचारून.

१०. संध्याकाळचा पाव

बेकरीत लांब काठीसारख्या पावाला नुसतं 'बागेत' न म्हणता "यून त्रादिस्यों" म्हणा. १९९३ च्या फर्मानानुसार त्यात मुख्यतः पीठ, पाणी, मीठ आणि आंबवण. रू दे आबेस ३८ वरच्या बेकरीने पॅरिसच्या सर्वोत्तम बागेतचं बक्षीस २०१० आणि २०१५ मध्ये घेतलं. ज्याला ते मिळतं तो वर्षभर राष्ट्राध्यक्षांच्या निवासाला पाव पुरवतो. आम्ही साडेपाचला गेलो तेव्हा घाणा नुकताच निघाला होता. कागद फक्त मधोमध गुंडाळलेला, टोकं उघडी. टोक मोडून चालता चालताच खायचं. तिथली सगळी माणसं तेच करतात. क्रोसाँ घेताना 'ओ बर' म्हणजे लोण्याचा सांगा.

परतीला आबेस स्टेशन वापरा. काचेच्या छताचं, गिमार या वास्तुरचनाकाराने केलेलं हिरव्या लोखंडाचं तोंड ओळखू येईल. हे पॅरिसमधलं सगळ्यात खोल स्टेशन, ३६ मीटर. गोल जिन्याच्या भिंती रंगवलेल्या आहेत, ते बघायला बाबा पायऱ्यांनी उतरले. मी आणि आई लिफ्टने. खाली पोहोचलो तेव्हा आईच्या हातातला पाव अर्धा उरला होता.